वाद झालेले कायदे, वाद टाळलेलं युद्ध

१९६४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या सिनेटसमोर दोन मोठे प्रश्न आले. पहिला नागरी हक्क विधेयकाचा. ३० मार्चला त्यावर चर्चा सुरू झाली आणि जूनच्या मध्यापर्यंत चालूच राहिली. दक्षिणेकडच्या सिनेटरांनी न थांबता बोलत राहण्याचा मार्ग पत्करला होता. विधेयक मतदानाला येऊच द्यायचं नाही, एवढाच हेतू. वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड एकटे चौदा तासांहून अधिक वेळ बोलले. अखेर १० जूनला ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा आटोपती घेण्याचा निर्णय झाला. नागरी हक्कांच्या विधेयकावर अशी कोंडी फुटण्याची सिनेटच्या इतिहासातली ही पहिली वेळ होती. १९ जूनला ७३ विरुद्ध २७ मतांनी विधेयक संमत झालं आणि २ जुलैच्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर सही केली.

दुसरा प्रश्न ऑगस्टमध्ये आला. टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामच्या नौकांनी अमेरिकी युद्धनौकांवर दोनदा हल्ला केल्याचं सांगून जॉन्सन यांनी लष्करी कारवाईचे व्यापक अधिकार मागितले. २ ऑगस्टचा हल्ला खरा होता. ४ ऑगस्टचा झालाच नव्हता. जहाजावरच्या अधिकाऱ्याने त्याच दिवशी शंका कळवली होती आणि चार दशकांनी खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांनी ती खरी ठरवली. ७ ऑगस्टला प्रतिनिधीगृहाने सुमारे ४० मिनिटांत ४१६ विरुद्ध शून्य मतांनी ठराव मंजूर केला. सिनेटमध्ये ८८ जण बाजूने आणि दोघेच विरोधात: ओरेगॉनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुएनिंग. युद्ध वाढवण्याचा आपला हेतू नाही अशी दुरुस्ती ठरावात घालावी, असं विस्कॉन्सिनचे गेलॉर्ड नेल्सन यांना वाटत होतं. त्याची गरज नाही, असं सांगून परराष्ट्र समितीचे अध्यक्ष विल्यम फुलब्राइट यांनी त्यांची समजूत घातली.

पहिला कायदा साठ वर्षांनंतरही उभा आहे. दुसऱ्या ठरावाच्या आधाराने लढलेल्या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि लाखो व्हिएतनामी माणसं मेली, आणि तो ठराव १९७१ च्या जानेवारीत रद्द करावा लागला. जॉन्सन यांच्याविषयी लिहिताना बहुतेक जण त्यांचे दोन तुकडे करतात: देशात सुधारणा घडवणारा थोर नेता एकीकडे आणि परदेशातल्या युद्धात फसलेला दुर्दैवी माणूस दुसरीकडे. ही वाटणी सोयीची आहे, पण ती काहीच उलगडत नाही. माणूस एकच होता आणि राज्य कसं चालवायचं याविषयीची त्याची धारणाही एकच होती. कुठला निर्णय त्याने भर सभागृहात वादाला सामोरा जाऊ दिला आणि कुठला वादापासून दूर ठेवला, यानेच सगळा फरक पडला. वादातून तावूनसुलाखून निघालेले कायदे टिकले. वाद चुकवून पुढे नेलेलं युद्ध स्वतः तर बुडालंच, शिवाय त्याने अर्ध्यावर असलेल्या सुधारणांचा पैसा, वेळ आणि लोकांचा विश्वासही नेला.

त्यांची धारणा कुठून आली, हे पाहायला हवं. २७ ऑगस्ट १९०८ रोजी टेक्सासच्या हिल कंट्री या कोरड्या, खडकाळ भागात जॉन्सन यांचा जन्म झाला. वडील सॅम जॉन्सन राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य होते. शेतीत बुडाले आणि कर्ज त्यांच्या मानगुटीवर बसलं ते कायमचं. शिक्षक होण्याचं शिक्षण घेत असताना, १९२८ साली, तरुण लिंडन यांनी कोटुला नावाच्या गावात मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळेत नोकरी केली. ती मुलं उपाशीपोटी शाळेत येत आणि लोक आपला तिरस्कार करतात हे त्यांना त्या वयातही कळत होतं. १९३७ साली ते काँग्रेसमध्ये निवडून गेले, रूझवेल्ट यांच्या धोरणांचे पक्के समर्थक म्हणून. हिल कंट्रीत वीज आणण्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. तोवर तिथल्या बायका विहिरीचं पाणी शेंदत होत्या आणि रात्री रॉकेलच्या दिव्याखाली कामं उरकत होत्या. वीज सहकारी संस्थेमार्फत आली, पण पैसा केंद्र सरकारचा होता. माणसाचं जगणं सरकारने मनावर घेतलं तर बदलतं, हे जॉन्सन यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यांच्या राजकारणाचा हा पहिला पाया.

दुसरा पाया संमतीचा. सिनेटमध्ये बहुमताचे नेते म्हणून काम करताना जॉन्सन यांनी एक विद्या आत्मसात केली होती: प्रत्येक सदस्याला काय हवं आहे, तो कशाला घाबरतो, त्याच्या मतदारसंघात धरण हवं आहे की लष्करी तळ, हे तोंडपाठ ठेवायचं. मग फोन करायचा, कोपऱ्यात गाठायचं, खांद्यावर हात टाकून तोंडाजवळ तोंड नेऊन बोलायचं. सर्वांनी एकत्र बसून मार्ग काढावा, असं सांगणारं यशयाच्या ग्रंथातलं वचन ते भाषणांत वारंवार वापरत. प्रत्येक माणसाची काहीतरी किंमत असते आणि ती शोधून काढणं म्हणजेच राजकारण, अशी त्यांची जवळजवळ श्रद्धा होती. ही श्रद्धा तुच्छतेने पाहण्यासारखी नाही. लोकशाहीत बहुतेक चांगली कामं याच मार्गाने होतात.

पण नागरी हक्क विधेयकाच्या वेळी जॉन्सन यांनी या मार्गाला एक मर्यादा घातली, आणि तिथेच त्यांची खरी उंची दिसते. जॉर्जियाचे रिचर्ड रसेल हे सिनेटमधले त्यांचे गुरू आणि जवळचे मित्र. दक्षिणेच्या बाजूचे सेनापतीही तेच. थोडी कलमं सौम्य करा, मग पाहू, ही दक्षिणेची जुनी चाल होती आणि १९५७ च्या नागरी हक्क कायद्यात ती स्वतः जॉन्सन यांनीच चालू दिली होती. या वेळी त्यांनी तसं होऊ दिलं नाही. विधेयक आहे तसं राहील, दक्षिणेला किती बोलायचं ते बोलू दे, सिनेटचं बाकी कामकाज अडलं तरी चालेल, हा त्यांचा निर्धार होता. मिनेसोटाचे ह्यूबर्ट हम्फ्री सभागृहात किल्ला लढवत होते आणि रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्क्सन यांना सोबत घेण्यासाठी श्रेयाचा मोठा वाटा त्यांच्या पदरात टाकायला जॉन्सन तयार होते.

या अडीच महिन्यांनी काय मिळवलं? नुसता कायदा नव्हे. हरलेल्यांना आपण पूर्ण ताकदीने लढलो आणि हरलो, हे उघड्या मैदानात दिसलं. कायदा झाल्यावर खुद्द रसेल यांनी आपल्या राज्यातल्या लोकांना तो पाळण्याचं जाहीर आवाहन केलं. आयुष्यभर वर्णभेदाची बाजू घेतलेल्या माणसाने हे करावं, याचं श्रेय त्या लांबलचक चर्चेलाही द्यायला हवं. रात्रीतून घाईने उरकलेल्या कायद्यापुढे रसेल असे नमले असते, असं मानायला आधार नाही.

मेडिकेअरचीही गोष्ट अशीच. वृद्धांना सरकारी आरोग्यविमा मिळावा की नाही, हा वाद वर्षानुवर्षं चालला होता. सरकारी आरोग्यविम्याची मूळ कल्पना हॅरी ट्रूमन यांनी १९४५ मध्ये मांडली आणि डॉक्टरांच्या संघटनेने तिच्याविरुद्ध रान उठवलं. अर्थसमितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी आकडेमोड पटेपर्यंत विधेयक पुढे सरकू दिलं नाही; शेवटी त्यांनीच ते अधिक व्यापक करून संमत केलं. ३० जुलै १९६५ ला जॉन्सन मुद्दाम मिसूरीतल्या इंडिपेंडन्स गावी गेले आणि वृद्ध ट्रूमन यांच्या शेजारी बसून त्यांनी सही केली. पुढे एक विलक्षण गोष्ट घडली. मेडिकेअरचे पैसे हवे असतील तर गोरे आणि काळे रुग्ण वेगळे ठेवता येणार नाहीत, अशी अट नागरी हक्क कायद्यामुळे लागू झाली. १ जुलै १९६६ ला योजना सुरू होण्याआधीच्या काही महिन्यांत सुमारे हजार रुग्णालयांनी आपले वेगवेगळे वॉर्ड मोडले. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली पद्धत दोन कायद्यांच्या जोडीने काही महिन्यांत मोडली. मतदान हक्क कायद्यानेही झपाट्याने चित्र पालटलं: मिसिसिपीत १९६५ साली सात टक्क्यांहूनही कमी काळ्या नागरिकांची मतदार म्हणून नोंद होती, दोनच वर्षांत ती जवळजवळ साठ टक्क्यांवर गेली.

उलट बाजूचं उदाहरणही जॉन्सन यांच्याच सुधारणांत सापडतं. गरिबीविरुद्धचं युद्ध त्यांनी ८ जानेवारी १९६४ ला जाहीर केलं, मार्चमध्ये विधेयक पाठवलं आणि २० ऑगस्टला कायदा झाला. वस्त्यांमधल्या गरिबांनी योजना स्वतः चालवाव्यात, असं त्यात एक कलम होतं. त्याचा नेमका अर्थ काय, महापालिकांचे अधिकार कुठे संपतात, पैसा कोणाच्या हातात जाणार, यावर काँग्रेसमध्ये जवळजवळ कोणी बोललंच नाही. वर्षभरात जॉन्सन यांच्याच पक्षाचे महापौर त्या कलमाविरुद्ध तक्रारी घेऊन वॉशिंग्टनला येऊ लागले. लहान मुलांसाठीचा हेड स्टार्टसारखा उपक्रम आजही चालू आहे, मात्र ज्या कचेरीकडे हे सगळं सोपवलं होतं ती दशकभरात मोडून निघाली. ज्या सुधारणेवर सर्वांत कमी वाद झाला, तीच सर्वांत कच्ची निघाली.

याला एक अपवाद आहे आणि तो मराठी वाचकाच्या अगदी जवळचा. ३ ऑक्टोबर १९६५ ला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी जॉन्सन यांनी स्थलांतर कायद्यावर सही केली, तेव्हा हा काही क्रांतिकारक कायदा नाही असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. त्याआधी भारतासाठी वर्षाला शंभर जणांचा कोटा होता. नव्या कायद्याने वंशावर आधारलेली वाटणी काढून टाकली आणि शिक्षण, कौशल्य, नातेसंबंध यांना महत्त्व दिलं. पुढच्या दशकांत पुण्या-मुंबईचे इंजिनिअर आणि डॉक्टर शिकागो, न्यू जर्सी, डेट्रॉइट इथे स्थिरावले, गणेशोत्सव आणि मराठी शाळा सुरू झाल्या, आणि १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं राहिलं. या परिणामांची चर्चा १९६५ साली फारशी कोणी केली नव्हती. न बोलता झालेलं सगळंच वाईट निघतं असं नाही, हे मान्य करायला हवं. पण हा कायदा दार उघडणारा होता. युद्ध माणसं मरायला पाठवणारं होतं. दोन्हींना एकच सूट देता येत नाही.

आता युद्धाकडे वळू.

७ मार्च १९६५, रविवार. अलाबामातल्या सेल्मा गावी मतदानाचा हक्क मागायला निघालेल्या काळ्या नागरिकांना पुलावर पोलिसांनी लाठ्यांनी झोडपलं. दुसऱ्या दिवशी, ८ मार्चला, सुमारे साडेतीन हजार अमेरिकी मरीन सैनिक व्हिएतनाममधल्या दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. सेल्माची दृश्यं देशाने टीव्हीवर पाहिली. आठवड्याभरात जॉन्सन यांनी काँग्रेसच्या संयुक्त बैठकीसमोर उभं राहून कोटुलाच्या मुलांची आठवण सांगितली आणि मतदान हक्क कायदा मागितला. त्यांच्या आयुष्यातलं ते सर्वोत्तम भाषण. दा नांगबद्दल त्यांनी असं कुठलंही भाषण केलं नाही. विमानतळाच्या संरक्षणासाठी पाठवलेली तुकडी, एवढंच स्पष्टीकरण होतं. एप्रिलच्या ६ तारखेला त्या सैनिकांना प्रत्यक्ष लढाईत उतरण्याची परवानगी देणारा आदेश निघाला. धोरण बदललेलं दिसू नये आणि वेळेआधी गाजावाजा होऊ नये, ही सूचना त्या आदेशातच होती.

जॉन्सन यांना भ्रम नव्हता, हे समजून घेणं फार महत्त्वाचं. २७ मे १९६४ च्या त्यांच्या फोन संभाषणांच्या ध्वनिफिती पुढे प्रसिद्ध झाल्या. रसेल आणि सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी या दोघांशी बोलताना त्यांनी मनातली भीती उघड केली आहे: ही लढाई लढण्याजोगी वाटत नाही, आणि एकदा आत शिरलो तर बाहेर पडता येणार नाही. त्यांच्याकडे कामाला असलेल्या एका सार्जंटच्या मुलाबाळांचा विचार त्यांच्या मनात येत होता. एवढं कळत असूनही ते आत का शिरले? उत्तर ट्रूमन यांच्या काळात आहे. १९४९ साली चीन कम्युनिस्टांकडे गेला, 'चीन कोणी गमावला' या आरोळीने डेमोक्रॅटिक पक्षाची पाळंमुळं हादरली, कम्युनिस्टविरोधी मोहीम चालवणारे सिनेटर मॅकार्थी यांचा उदय झाला आणि ट्रूमन यांचे देशांतर्गत कार्यक्रम थंडावले. दक्षिण व्हिएतनाम गमावलं तर आपल्या सुधारणांचंही तसंच होईल, ही जॉन्सन यांची धास्ती होती. निवृत्तीनंतर चरित्रकार डोरिस कर्न्स यांच्याशी बोलताना त्यांनी ती कबूल केली. युद्ध लढलं तर सुधारणा जातील, आणि सोडलं तर आपण भित्रे ठरू आणि मग काहीच करता येणार नाही, अशा पेचात ते स्वतःला पाहत होते.

या पेचातून त्यांनी काढलेला मार्ग त्यांच्या साऱ्या आयुष्याशी सुसंगत होता. कोणालाही पूर्ण नाराज करायचं नाही. सेनापतींनी मागितलं त्याहून थोडं कमी द्यायचं, शांततावाद्यांना बोलणीचं आश्वासन द्यायचं, काँग्रेसला मत द्यायची वेळच येऊ द्यायची नाही. २८ जुलै १९६५ ला दुपारच्या पत्रकार परिषदेत त्यांनी सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेत असल्याचं सांगितलं. त्याच परिषदेत सर्वोच्च न्यायालयातल्या नव्या न्यायाधीशाची नेमणूकही जाहीर झाली. संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी राखीव दलं बोलवावीत आणि कर वाढवावा, असं सुचवलं होतं. दोन्ही टाळलं, कारण दोन्हींसाठी काँग्रेसपुढे उभं राहावं लागलं असतं. दोनच दिवसांनी मेडिकेअरवर सही झाली. वर्षाअखेर व्हिएतनाममध्ये एक लाख ८४ हजार अमेरिकी सैनिक होते.

विरोध करणारे आतच होते. परराष्ट्र खात्यातले जॉर्ज बॉल यांनी जुलैच्या सुरुवातीलाच लेखी सांगितलं होतं की हे युद्ध जिंकता येणार नाही. उपराष्ट्राध्यक्ष हम्फ्री यांनी फेब्रुवारीत एक टिपण दिलं. त्यांचा मुद्दा नैतिक नव्हता, राजकीय होता आणि म्हणूनच जॉन्सन यांना तो कळायला हवा होता: लोकांना न पटलेलं युद्ध लोकशाहीत फार काळ चालवता येत नाही, आणि निवडणूक भरघोस मतांनी नुकतीच जिंकलेली असताना बाहेर पडण्याची याहून चांगली वेळ येणार नाही. या प्रामाणिकपणाबद्दल हम्फ्री यांना व्हिएतनामवरच्या बैठकांतून बराच काळ बाहेर ठेवण्यात आलं. ज्या माणसाने नागरी हक्क विधेयकाची अडीच महिन्यांची चर्चा निभावून नेली, त्यालाच युद्धाच्या चर्चेत बोलायची बंदी!

७ एप्रिल १९६५ ला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या भाषणात जॉन्सन यांनी मेकाँग नदीच्या खोऱ्याच्या विकासासाठी एक अब्ज डॉलरची तयारी दाखवली. धरणं, वीज, शेती. हिल कंट्रीत वीज नेणारा माणूस मनापासून बोलत होता, यात शंका नाही. हनोईतल्या उत्तर व्हिएतनामी सरकारने हा प्रस्ताव झिडकारला तेव्हा त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. फ्रेंचांशी आठ वर्षं लढून दिएन बिएन फूची लढाई जिंकलेल्या माणसांना देशाचं एकीकरण हवं होतं. त्याच्या बदल्यात धरण घ्यायला ते एखाद्या राज्याचे सिनेटर नव्हते. सिनेटच्या दालनात जन्मलेलं तत्त्व सायगावच्या पलीकडे चालत नव्हतं, कारण समोरच्या माणसाची ओळखच नव्हती.

भारतालाही याच पद्धतीचा अनुभव आला. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला. पीएल ४८० योजनेखाली येणाऱ्या अमेरिकी धान्याचा दीर्घ मुदतीचा करार करण्याऐवजी जॉन्सन महिन्या-महिन्याच्या हिशेबाने जहाजं सोडू लागले आणि त्यावर जातीने लक्ष ठेवू लागले. १९६६ साली भारताने सुमारे एक कोटी टन धान्य आयात केलं, त्यात अमेरिकेचा वाटा मोठा होता. मुंबई बंदरात उतरलेला लाल गहू महाराष्ट्रातल्या रेशनच्या दुकानांत पोचत होता आणि पुढचं जहाज निघेल की नाही, हे व्हाइट हाउस ठरवत होतं. भारताने आपल्या शेतीकडे लक्ष द्यावं ही त्यांची मागणी चुकीची नव्हती. कृषिमंत्री चिदंबरम सुब्रमण्यम यांना तेच करायचं होतं. पण त्यात व्हिएतनामचा रागही मिसळला. लालबहादूर शास्त्रींनी व्हिएतनामवरची अमेरिकी बॉम्बफेक थांबवण्याची भाषा केली आणि एप्रिल १९६५ मध्ये त्यांचा अमेरिका दौरा जॉन्सन यांनी पुढे ढकलला. १९६६ च्या जुलैमध्ये इंदिरा गांधींनी मॉस्कोत बॉम्बफेकीविरुद्धच्या संयुक्त निवेदनावर सही केली, तेव्हा ते पुन्हा बिथरले. उपाशी देशाला दाबता येतं, हे खरं. पण त्या दाबातून संमती मिळाली नाही. साठवलेला अपमान मात्र मिळाला, आणि नंतरची अनेक वर्षं दिल्लीच्या धोरणात तो जाणवत राहिला.

जॉन्सन यांच्या बाजूने एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. १९६५ मध्ये युद्धावर खुली चर्चा झाली असती तर काँग्रेसने मंजुरीच दिली असती; लोकमत तेव्हा बाजूने होतं. शिवाय सुधारणांचे विरोधक त्या चर्चेचा फायदा घेऊन मेडिकेअर आणि मतदान हक्क कायदा दोन्ही गाडून टाकते.

पहिला भाग बहुधा खरा आहे. मंजुरी मिळाली असती. पण किंमत कळून दिलेली मंजुरी वेगळी असते. पहिल्या महायुद्धात उतरताना राष्ट्राध्यक्ष वूड्रो विल्सन यांनी २ एप्रिल १९१७ ला काँग्रेसपुढे जाऊन युद्धाची घोषणा मागितली तेव्हा चार दिवस खडाजंगी झाली, प्रतिनिधीगृहात ५० आणि सिनेटमध्ये ६ जणांनी विरोध नोंदवला, आणि त्याच वर्षी युद्धासाठी जबर कर बसवले गेले. विल्सन यांनी नंतर टीकाकारांची तोंडं बंद केली, समाजवादी नेते युजीन डेब्स यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि त्या दडपशाहीने त्यांच्या सुधारणांची हवा काढून घेतली. तो त्यांचा अक्षम्य दोष. तरीही युद्धात जाताना देशाला किंमत सांगितली गेली होती. जॉन्सन यांनी ती सांगितलीच नाही.

आक्षेपाचा दुसरा भाग तारखांपुढे टिकत नाही. मेडिकेअर ३० जुलैला झालं. मतदान हक्क कायदा ६ ऑगस्टला. शाळांना मदतीचा कायदा एप्रिलमध्येच झाला होता, स्थलांतराचा ऑक्टोबरमध्ये. शरद ऋतू येईपर्यंत मोठे कायदे पदरात पडले होते. सुधारणा वाचवण्यासाठी युद्ध झाकावं लागलं, हे उन्हाळ्यापर्यंत पटू शकतं. त्यानंतर झाकण्याला कुठलाही आधार उरत नाही. आणि नेमकं त्यानंतरच झाकणं वाढलं. डिसेंबर १९६५ मध्ये आर्थिक सल्लागार मंडळाचे प्रमुख गार्डनर ॲकली यांनी कर वाढवण्याचा स्पष्ट सल्ला दिला. जॉन्सन यांनी तो मानला नाही. जानेवारीतल्या अर्थसंकल्पात पुढच्या वर्षीचा युद्धखर्च सुमारे दहा अब्ज डॉलर धरला होता, युद्ध १९६७ च्या मध्यापर्यंत आटोपेल या गृहीतकावर. प्रत्यक्षात तो वीस अब्जांच्या घरात गेला.

चर्चा मग सरकारने नाही, फुलब्राइट यांनी सुरू केली. नेल्सन यांची समजूत घालणारा हाच माणूस फेब्रुवारी १९६६ मध्ये टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर सुनावण्या घेत होता. सोव्हिएत संघाला रोखण्याचं धोरण ज्यांनी मांडलं त्या जॉर्ज केनन यांनी व्हिएतनामचं युद्ध त्या धोरणात बसत नाही असं सांगितलं. सीबीएस वाहिनीने त्यांची साक्ष दाखवण्याऐवजी एका जुन्या विनोदी मालिकेचा भाग लावला आणि वृत्तविभागाचे प्रमुख फ्रेड फ्रेंडली यांनी राजीनामा दिला. ज्या प्रश्नावर दीड वर्षापूर्वी प्रतिनिधीगृहाने ४० मिनिटं दिली, तो आता घराघरांत बोलला जाऊ लागला, पण तोवर दोन लाख माणसं तिथे पोचली होती आणि राष्ट्राध्यक्षांच्या शब्दावरचा विश्वास उडू लागला होता.

सुधारणांचं पुढे जे झालं ते पैशांत मोजता येतं. गरिबीविरोधी कचेरीची तरतूद दोन अब्ज डॉलरच्या आसपासच रेंगाळत राहिली. युद्धावर त्याच्या दहापटीहून अधिक खर्च होत होता. असं असूनही देशातलं दारिद्र्याचं प्रमाण १९६४ मधल्या १९ टक्क्यांवरून १९६९ पर्यंत १२ टक्क्यांवर आलं, यात तेजीचा वाटा मोठा असला तरी कार्यक्रमांचाही होता. म्हणजे मार्ग बरोबर होता. पैसा दुसरीकडे वाहत होता. ४ एप्रिल १९६७ ला मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये हेच सांगितलं: या युद्धाने गरिबांच्या कार्यक्रमांतली माणसं, बुद्धी आणि पैसा ओढून नेला आहे. ज्या दोघांनी मिळून मतदान हक्क कायदा घडवला त्यांचं बोलणं तिथे संपलं. किंग यांचा मुद्दा जॉन्सन यांना विश्वासघात वाटला. खरं तर किंग तोच हिशेब उघड्यावर मांडत होते, जो राष्ट्राध्यक्षांनी १९६५ साली काँग्रेसपुढे मांडायला हवा होता.

कराची मागणी जॉन्सन यांनी अखेर जानेवारी १९६७ मध्ये केली आणि ऑगस्टमध्ये ती दहा टक्के अधिभारावर नेली. ती विल्बर मिल्स यांच्या समितीत जाऊन अडकली. मेडिकेअरचा प्रत्येक आकडा तपासून घेतलेल्या मिल्स यांनी आता युद्ध आणि सुधारणा दोन्ही एकत्र चालणार नाहीत, खर्च कापा, असा हट्ट धरला. डेट्रॉइट आणि न्यूअर्क १९६७ च्या उन्हाळ्यात वांशिक दंगलींत जळाली होती. त्या दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या कर्नर आयोगाने २९ फेब्रुवारी १९६८ ला अहवाल देऊन शहरांसाठी घरं, नोकऱ्या, शाळा यांवर फार मोठा खर्च मागितला. दोनच दिवसांपूर्वी संयुक्त सेनाप्रमुखांचे अध्यक्ष जनरल व्हीलर यांनी व्हिएतनामसाठी आणखी दोन लाख सहा हजार सैनिकांची मागणी वॉशिंग्टनमध्ये ठेवली होती. आयोग जॉन्सन यांनीच नेमलेला होता, तरी अहवाल स्वीकारण्याचा समारंभ त्यांनी होऊ दिला नाही. ३१ मार्चला त्यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं. २८ जूनला अधिभाराच्या कायद्यावर सही झाली. त्यासाठी मिल्स यांनी वसूल केलेली किंमत सहा अब्ज डॉलरच्या खर्चकपातीची होती, आणि कर्नर आयोगाने मागितलेल्या घरांसाठी आणि नोकऱ्यांसाठी त्या वर्षी तिजोरीत फारसं काही उरलं नाही.